घरात पैसे होते, तरी सोसायटी थकली

वाचकहो, आधी एक हिशेब ऐका. तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार. पावणेदोन एकर बाग. सोसायटीचं पीककर्ज एक लाख ऐंशी हजार. बेदाणा विकून आलेले दोन लाख रुपये घरात, देव्हाऱ्याखालच्या लोखंडी पेटीत. फेडीची मुदत ३० जून, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलेली. सोसायटीचं ऑफिस घरापासून चालत पाच मिनिटांवर. आणि एवढं सगळं जुळून असताना हा गडी थकबाकीदार झाला. एकदा नव्हे, लागोपाठ दोन वर्षं.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मुदत हुकली की सवलत गेली, व्याज अंगावर आलं, आणि नवीन कर्जाला सेक्रेटरीसमोर हात जोडून उभं राहणं आलं. गावात बोलवा उठली, ‘पैसा फिरवतोय.’ कुणी म्हणालं, व्याजानं लावलाय. घरच्या लक्ष्मीलासुद्धा शंका आली की मालकांचं बाहेर काहीतरी आहे.

त्यांना विचारलं तर ते म्हणतात, “रोज सकाळी ठरवायचो, आज भरायचंच. पैसे खिशात घालून निघायचो बी. वाटंत ब्लोअरचा आवाज येगळा वाटायचा, तो खोलून बसायचो. दिवस मावळला की आठवायचं. तवर हापिस बंद. आळशी म्हणतात मला. आळशी माणूस रात्री दोनपर्यंत ब्लोअर दुरुस्त करत बसंल व्हय?”

नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. आपण त्यांना अण्णा म्हणू. अण्णांचं वय आज चव्वेचाळीस. एक्केचाळीसाव्या वर्षी त्यांना कळलं की त्यांच्या या वागण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. नाव लांबलचक आहे, अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. डॉक्टर मंडळी एडीएचडी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पोराच्या निमित्तानं बापाचं

झालं असं की अण्णांचा धाकटा चौथीत होता. पोरगं हुशार, पण एका जागी बसेना, वही पुरी करेना, दप्तरातली वस्तू जागेवर सापडेना. बाईंनी चांगल्या मनानं सांगितलं, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्यांना दाखवा. पथकानं चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन मंडळी मिरजेला गेली, सोबत आजी. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का? आजी हसली. म्हणाली, “ह्यो बापाचीच पाटी गिरवतोय की!”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी अण्णांना बसायला सांगितलं.

हे काही नवल नाही. जुळ्या भावंडांवर जे अभ्यास झाले त्यांतून या विकारात रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा सत्तर-ऐंशी टक्के दिसतो. लहानपणी कुणी ओळखलं नाही आणि पोराच्या तपासणीत बाप किंवा आई सापडली, असं मोठ्या शहरांतले मानसोपचार डॉक्टर नेहमी पाहतात. पूर्वी समजूत अशी होती की हा लहान मुलांचा प्रकार आहे, मिसरूड फुटलं की जातो. बऱ्याच जणांचा धडपडेपणा, चुळबूळ कमी होते हे खरं. पण लक्ष न ठरणं, वेळेचा अंदाज न येणं, काम सुरू न होणं आणि सुरू झालं तर अर्ध्यावर राहणं, हे पुष्कळांच्या बाबतीत जन्मभर राहतं. जगभरच्या पाहण्यांत मोठ्या माणसांमध्ये शंभरात दोन-तीन असं प्रमाण येतं. तुमच्या गावात दोन हजार मतदार असतील तर हिशेब तुम्हीच करा.

या निदानाला रक्ताची तपासणी नाही, डोक्याचा फोटो नाही. डॉक्टर विचारतात आणि ऐकतात. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आतली हवीत, आणि घर, शेत, व्यवहार अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी त्यांचा त्रास दिसायला हवा. काल-परवा कर्जाच्या काळजीनं झोप उडाली म्हणून डोकं चालेना, तर तो हा विकार नव्हे. थायरॉइड, अपुरी झोप, दारू, मनाची उदासी यांनीही लक्ष उडतं, म्हणून ते आधी बघावं लागतं. अण्णांच्या दोन फेऱ्या झाल्या. आईला विचारलं, बायकोला विचारलं, चौथीचं प्रगतीपुस्तक मागवलं. त्यावर गुरुजींचा शेरा होता, ‘बुद्धी आहे, लक्ष नाही.’

लक्ष नाही हे तरी अर्धंच खरं. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, पण ठिबकचा व्हॉल्व्ह आपल्या हातात नाही, पाणी कुठल्या ओळीला जाईल ते तोच ठरवतो. तसं हे आहे. नव्या जातीचं खुंट-कलम शिकायचं म्हटलं की अण्णा तहान-भूक विसरणार. जीए कुठल्या अवस्थेत द्यायचं, दावण्याला कोणतं औषध किती पावसानंतर, हे त्यांना तोंडपाठ. पण एका ऑक्टोबर छाटणीला पेस्ट लावायला माणसं सांगायची राहून गेली, बाग मागं-पुढं फुटली आणि त्या हंगामात निम्मा माल मणुक्याच्याही कामाचा राहिला नाही. ज्ञान होतं, पैसा होता, फक्त एक फोन करायचा राहिला.

“मग पुढं काय?”

निदान झालं त्या दिवशी अण्णा एस.टी.त बसून रडले. दहावीला दोनदा नापास, वडिलांचा मार, मेव्हण्यांचे टोमणे. तीस वर्षं फुकट शिव्या खाल्ल्या असं त्यांना वाटलं. आधी हलकं वाटलं आणि मग राग आला. उशिरा निदान झालेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं, तेव्हा तुमच्या घरात कुणाचं झालं तर घाबरू नका आणि ‘आता कळलं ना, मग सुधर’ असंही म्हणू नका.

पण खरी अडचण त्यापुढची. हातात एक चिठ्ठी होती, तिच्यावर एक गोळी आणि ‘एक महिन्याने दाखवणे’. बाहेर पन्नास माणसं ताटकळत बसलेली, डॉक्टरांनी तरी किती बोलावं? गावी येऊन कुणाला सांगायचं, गोळी किती दिवस घ्यायची, शेतीच्या कामाचं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. अण्णा सात-आठ महिने चाचपडले. मधे दोन वेळा गोळ्या सोडल्या. त्यांचे ते आठ महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी गोळीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच. या विकारावरचं एक जुनं आणि जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथिलफेनिडेट. १९४४ साली सिबा या स्विस कंपनीतल्या पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते तयार केलं. त्याच्या बायकोचं लाडकं नाव रिटा, म्हणून औषधाचं नाव पडलं रिटालिन. हे गुंगीचं औषध नाही, झोपेचं नाही. उलट मेंदूचा जो भाग ‘हे आधी, ते नंतर’ ठरवतो त्याला ते जागं करतं. गोळी घेतल्यावर तासाभरात परिणाम सुरू होतो आणि काही तासांनी उतरतो. विकार मुळापासून जात नाही. चष्म्यासारखं समजा, लावला तोवर दिसतं. दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन. ते रोज घ्यावं लागतं आणि गुण यायला काही आठवडे लागतात. अण्णांनी पहिल्यांदा तीन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलं ते हेच. कुणाला कुठलं मानवेल ते डॉक्टरच ठरवतील. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून आधी बी.पी. बघून घ्या, हृदयाचं काही असेल तर लपवू नका. आणि दारू घेत असाल तर तेही सांगा. डॉक्टरपुढं लाज कसली?

आता व्यवहाराची गोष्ट, जी अण्णांना कुणी सांगितली नव्हती. मिथिलफेनिडेट कायद्यानं ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. म्हणजे ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. त्यामुळं तुमच्या बाजारपेठेच्या गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही. दुकानदार ‘असलं औषध आम्ही ठेवत नाही’ म्हणाला तर ते नशेचं आहे, वाईट आहे असा अर्थ घेऊ नका, जसा अण्णांच्या मेव्हण्यांनी घेतला आणि घरात महाभारत केलं. डॉक्टरांनाच विचारा, कुठल्या दुकानात मिळतं? आणि निघायच्या आधी चिठ्ठीच्या दोन्ही प्रती हातात आहेत का बघा, नाहीतर एस.टी.चं भाडं पाण्यात. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यातही येतं, तेव्हा आपली गोळी दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे. पोराला बापाची गोळी किंवा बापाला पोराची, हे तर मुळीच नको. आपल्याकडं बी.पी.च्या गोळ्यासुद्धा शेजारधर्मानं वाटल्या जातात म्हणून एवढं बजावून सांगतो.

दार कुठं ठोठवायचं

सांगली-मिरज भागातल्या माणसाला लांब जायची गरज नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, कोल्हापूरला सी.पी.आर.मध्ये आहे. शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. येरवड्याचं नाव काढलं की आपल्याकडं लोक दचकतात, पण तिथंही बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून घरी येता येतं. बेंगळुरूचं निम्हान्स देशातलं नावाजलेलं, मिरजेहून थेट रेल्वे आहे, मात्र एडीएचडीसाठी एवढी पायपीट बहुधा लागत नाही. आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत झाला. वैद्यकीय महाविद्यालयाचं खातं वेगळं, तिथं थोडे पैसे पडतात.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्याखाली मानसोपचार डॉक्टर, समुपदेशक, समाजसेवक अशी माणसं जिल्ह्याला नेमायची असतात. नेमलेली असतात का, हा प्रश्न वेगळा! जागा रिकाम्या राहतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, डॉक्टर कुठल्या वारी कुठं बसतात? आशाताईंना ठाऊक नसलं तरी त्या दोन फोनमध्ये काढून देतात, हा अनुभव आहे.

आणि एक फोन नंबर दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा, १४४१६. ही ‘टेली मानस’ सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. तिथून एडीएचडीच्या गोळ्या मिळणार नाहीत, पण जवळचा दवाखाना कळतो, आणि डोकं फिरलेल्या रात्री बोलायला माणूस मिळतं. हे दुसरं मी मुद्दाम लिहितो. या विकाराबरोबर उदासी आणि व्यसन पुष्कळांच्या मानगुटीवर बसतं, आणि आपल्या घरात फवारणीचं औषध हाताच्या अंतरावर असतं. बाग गेली त्या वर्षी अण्णा रात्रीचे शेडमध्ये एकटेच बसून राहायचे. वैनींनी गपचूप औषधाची कपाट-किल्ली आपल्या कमरेला लावली. आजही ती तिथंच आहे. घरातल्या कुणाविषयी अशी शंका आली तर उद्यावर टाकू नका.

व्यसनाची गाठ पडली असेल तर दोन्हीचा इलाज एकदम हवा. साताऱ्याची परिवर्तन संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करते, पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ पासून उभं आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. मनाच्या आरोग्यावर साध्या मराठीत बोलणारी ही माणसं. त्यांची भाषणं मोबाईलवर फुकट ऐकता येतात. फवारणी चालू असताना नको, संध्याकाळी ऐका.

सावड

औषधानं डोकं जरा थाऱ्यावर येतं. पण तीस वर्षांच्या सवयी गोळीनं बदलत नाहीत. त्यासाठी समुपदेशक लागतो, आणि तो नसेल तर आपली अक्कल लागते. अण्णांच्या समुपदेशक बाईंनी त्यांना विचारलं, कुठलं काम तुमचं कधीच राहत नाही? अण्णा विचार करून म्हणाले, सावडीचं.

बघा, किती साधी गोष्ट! आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. शेजारी सकाळी सातला बांधावर येऊन उभा राहिला की अंग आपोआप हलतं. एकट्यानं करायचं काम राहतं, सोबतीनं करायचं होतं. शहरातले तज्ज्ञ एडीएचडीच्या माणसाला हाच उपाय सांगतात, शेजारी कुणीतरी नुसतं बसू द्या. त्याला त्यांनी इंग्रजी नाव दिलंय. आपल्या आजोबांनी त्याला सावड म्हटलं होतं. अण्णांनी आता कागदाची सावड घातली आहे. भावकीतला एक जण, त्याला पीकविमा, ई-पीक पाहणी, वीजबिल यातलं ओ की ठो कळत नाही. दर सोमवारी संध्याकाळी तो आपली कागदं घेऊन अण्णांच्या ओसरीवर येतो. दोघं मिळून दोघांचं उरकतात. अण्णांना सोबत मिळते, त्याला डोकं मिळतं. उपकार कुणाचेच नाहीत.

बाकीच्या युक्त्या किरकोळ, पण कामाच्या. डोक्यात काही ठेवायचं नाही, डोळ्यासमोर ठेवायचं. कालनिर्णय स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या दारावर आणलं, चप्पल घालताना दिसावं म्हणून. मोटारीला टायमर. किल्ल्यांना एकच खुंटी. मोबाईलचा गजर काम सुरू करायच्या वेळेचा लावायचा, मुदतीच्या वेळेचा नाही. हा फरक अण्णांना समजायला एक वर्ष लागलं. खिशात छोटी वही, तिच्यात एका पानावर दिवसाची फक्त तीन कामं. पहिल्या महिन्यात वही चार वेळा हरवली. मग तिला सुतळी लावून गळ्यात अडकवली. गाव हसलं. गाव थकबाकीलाही हसतच होतं.

वैनींशी मी वेगळं बोललो, आणि मला वाटतं या लेखातला महत्त्वाचा भाग तोच. “मी त्यांची बायको न्हवते, आई झाले होते,” त्या म्हणाल्या. “हे केलं का, ते केलं का, दिवसभर त्यांच्या मागं. मी बोलले की ते चिडायचे, गप्प बसले की काम राहायचं. पोरगं तसंच, नवरा तसाच. मला कोण इचारतंय?” निदानाचा कागद अण्णांच्या नावाचा असला तरी ओझं त्यांनी उचललेलं होतं. दुसऱ्या वर्षी समुपदेशक बाईंनी नवरा-बायकोला एकत्र बोलावलं आणि कामं वाटून दिली. पैसा आणि पावत्या वैनींकडं. बाग, फवारणी, यंत्रं अण्णांकडं. वैनी आठवण एकदाच करून देणार, तीही वहीत लिहून, तोंडी नाही. मध्येच दोनदा मोडलं, पुन्हा जोडलं. भांडणं संपली नाहीत, पण ‘तुम्हाला माझी किंमतच न्हाई’ हे वाक्य आता घरात ऐकू येत नाही, असं त्या म्हणाल्या.

बायकांच्या बाबतीत तर हा विकार आणखी लपतो. मुलगी उड्या मारत नाही, खिडकीतून बाहेर बघत बसते. तिला वेंधळी म्हणायचं, लग्न करून द्यायचं आणि सासरी दूध उतू गेलं की माहेरचा उद्धार ऐकायचा. तिचं निदान होणार कधी? आशाताई, अंगणवाडीताई, तुम्ही घरोघर जाता, तुमच्या नजरेला हे पडावं.

भाऊसाहेब, थोडं तुमच्यासाठी

सोसायटीचे सेक्रेटरी, तलाठी, ग्रामसेवक — नावं सरकारनं बदलली तरी लोकांच्या तोंडी तुम्ही भाऊसाहेबच — तुमच्याकडं अशी माणसं रोज येतात. चार वेळा सांगून कागद न आणणारा, रांगेत भांडणारा, मुदत संपल्यावर धावत येणारा. त्यातले सगळे काही एडीएचडीचे नाहीत, काही निव्वळ बेरकी असतात हे मलाही कळतं. पण कुणी स्वतः येऊन सांगितलं की मला असा त्रास आहे, तर दोन गोष्टी करा. लागणारे कागद तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या. आणि मुदतीच्या आठ दिवस आधी एक फोन. अण्णांच्या सेक्रेटरींनी हेच केलं. त्यांना वेगळा नियम लावावा लागला नाही, वेगळा पैसा लागला नाही.

दुसरं, ती गोष्ट चावडीवर चघळू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार मिळण्याचा हक्क आहे, तसाच आजाराची माहिती गुप्त राहण्याचाही हक्क आहे. तो कायदा दवाखान्याला बांधतो, पाराला बांधत नाही, पण माणुसकी पारालाही हवी. याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायला लावलं. पण त्यावर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि या विकारात दाखल व्हायची वेळ सहसा येत नाही.

दाखल्याचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सोबत शिकण्याची विशिष्ट अक्षमता असेल तर ती मात्र यादीत आहे, मुलांच्या बाबतीत ते जरूर तपासून घ्या. ‘पाच हजार द्या, दाखला काढून देतो’ म्हणणारा एजंट अण्णांनाही भेटला होता. बुद्धी वाढवायची पावडर विकणाराही भेटला, आणि अंगारा देणाराही. पावडरीचे नऊशे रुपये गेले, असं ते स्वतःच हसत सांगतात.

अमेरिकेत १९८७ साली फ्लोरिडातल्या काही पालकांनी आणि तज्ज्ञांनी मिळून ‘चॅड’ नावाची संघटना काढली. आज ती देशभर पसरली आहे आणि मोठ्या माणसांसाठीही काम करते. आपल्याकडं मुंबई-पुण्यात गट जमतात, पण बोलणं बहुतेक इंग्रजीत. गावाकडच्या माणसानं तिथं जाऊन काय ऐकावं? अण्णांनी एक केलं. डॉक्टरांना सांगून ठेवलं की माझ्यासारखा दुसरा कुणी शेतकरी आला तर त्याच्या परवानगीनं माझा नंबर द्या. आतापर्यंत दोघांचे फोन आले. एक कवठेमहांकाळकडचा, एक दूध संघातला चालक. तिघं महिन्यातून एकदा मिरजेला औषधाच्या दिवशीच भेटतात, स्टँडसमोर चहा घेतात. पहिल्या महिन्यात एक जण तारीख विसरला. दुसऱ्या महिन्यात दुसरा. आता आदल्या रात्री तिघंही एकमेकांना फोन करतात.

यंदा अण्णांनी १२ जूनला कर्ज भरलं. पावती बघायला मागितली तर त्यांना सापडेना. वैनींनी पेटीतून काढून दिली.

तुमच्यापैकी कुणाला हे वाचून स्वतःची किंवा घरातल्याची ओळख पटली असेल, तर मोबाईलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्यांवर निदान करून बसू नका. डॉक्टरांकडं जाताना शाळेचं जुनं प्रगतीपुस्तक असलं तर घ्या, आधीच्या तपासण्यांचे आणि चालू गोळ्यांचे कागद घ्या, आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं एक माणूस सोबत घ्या, आई, थोरली बहीण, चुलता, कुणीही. तुमचं काय-काय राहून जातं ते घरीच कागदावर लिहा, कारण खुर्चीत बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही. केसपेपरची खिडकी सकाळी लवकर गाठा, आणि उठताना पुढची तारीख डॉक्टरांच्याच हातानं वहीत लिहून घ्या.